रेडिएटर तापत नाही: हवा काढायची की बॅलन्सिंग करायचं?

बॉयलरच्या गरम पाण्याने खोली तापवणारा रेडिएटर खाली गरम आणि वर थंडगार लागत असेल तर आत हवा अडकली आहे. हीटिंग बंद करून पाणी निवू द्या, खाली फडकं धरा आणि वरच्या कोपऱ्यातला ब्लीड व्हॉल्व्ह चावीने जरासा सैल करा. फुस्स आवाज थांबून पाणी आलं की लगेच आवळा. मग बॉयलरचा दाब बघा. सीलबंद सिस्टिममध्ये (पाणी बाहेरच्या हवेला न लागता फिरतं ती) पाणी थंड असताना साधारण 1 ते 1.5 बार असावा. एवढंच.

बॅलन्सिंग, म्हणजे सगळ्या रेडिएटरना गरम पाणी नीट वाटून देणं, मात्र चिकाटीचं काम. बॉयलरजवळची खोली भट्टी आणि टोकाची गारठलेली असेल, तर कितीही हवा काढा, काही उपयोग नाही. पाणी सोप्या वाटेनेच पळतं. म्हणून थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह (खोलीच्या तापमानानुसार पाणी कमी-जास्त करणारे) सगळे पूर्ण उघडायचे आणि जवळच्या रेडिएटरचा लॉकशील्ड व्हॉल्व्ह (टोपीखालचा, ज्याला एरवी कुणी हात लावत नाही) पाव-पाव फेरा आवळत जायचं. प्रत्येक वेळी थांबून पाणी आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या अशा दोन्ही पाइपांचं तापमान मोजायचं. फरक बहुधा 11-12 अंश धरतात. घाई केली की पुन्हा श्रीगणेशा.

मी आधी हवाच काढेन. हवा असताना घेतलेली मापं फसवी निघतात. तळाशी मधोमध थंड असेल तर तो गाळ, तिथे दोन्ही उपाय बाद.