वेबॅक मशीन: वेबवरून गेलेले पान शोधताना आणि जपताना

छापलेला अंक एकदा वाचकाच्या हातात गेला की त्यातला मजकूर प्रकाशकाला मागे घेता येत नाही. वेबवर तो कधीही बदलता येतो, काढताही येतो, आणि वाचणाऱ्याकडे उरतो नुसता पत्ता. वाचन पडद्यावर आल्याने जे काही बदलले त्यात मला हा बदल सर्वांत गंभीर वाटतो. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०२४ च्या अभ्यासात २०१३ मधली ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. या गळतीवर सामान्य माणसाच्या हाती असलेला सर्वांत भक्कम उपाय म्हणजे इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेचे वेबॅक मशीन, म्हणजे वेबपानांच्या वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या प्रतींचा साठा. ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये ही ना-नफा संस्था काढली, २००१ मध्ये साठा सर्वांसाठी खुला झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तो एक लाख कोटी पानांवर पोचला. पाने पाहायला पैसे लागत नाहीत, खातेही लागत नाही.

जुने पान काढायचे तर त्याचा पूर्ण पत्ता वेबॅक मशीनच्या शोधचौकटीत टाकायचा. वर्षांची पट्टी आणि खाली कॅलेंडर येते. कॅलेंडरातल्या ठिपक्यांचे रंग आधी समजून घ्या, बराच वेळ वाचतो. निळा म्हणजे पान नीट साठवले गेले. हिरवा म्हणजे त्या दिवशी तो पत्ता दुसरीकडे वळवत होता. नारिंगी म्हणजे पान सापडले नाही किंवा प्रवेश नाकारला गेला, आणि लाल म्हणजे सर्व्हरच बिघडलेला होता. पान अमुक दिवशी गायब झाले हे ठरवायचे असेल तर शेवटचा निळा आणि पहिला नारिंगी ठिपका पाहा. गायब होण्याची तारीख या दोहोंच्या मधली असते.

काहीच सापडले नाही तर लगेच सोडून देऊ नका. पत्त्यात प्रश्नचिन्हापासून पुढे माग काढणारे शेपूट असेल तर ते कापून पुन्हा शोधा. तरीही नाही मिळाले, तर संकेतस्थळाचे नाव, तिरकी रेघ आणि तारांकन (*) असे टाका. त्या स्थळाचे साठवलेले पत्ते तक्त्यात येतात आणि ते गाळून पाहता येतात. पत्ता अर्धवट आठवत असताना हाच मार्ग कामाला येतो. शब्द टाकून पानांच्या मजकुरात शोध घेण्याची सोय मात्र नाही. शब्दशोध फक्त संकेतस्थळांपर्यंत नेतो, आणि ही या सेवेची सर्वांत जाचणारी उणीव आहे.

खरी फसगत होते ती तारखेत. साठवलेली प्रत उघडल्यावर तिच्या वर येणाऱ्या पट्टीतली तारीख पानाच्या मुख्य मजकुराची असते. चित्रे आणि मांडणीच्या फाइली वेगळ्या दिवशी, कधी कित्येक महिन्यांच्या अंतराने साठवलेल्या असू शकतात. त्यामुळे जे पान त्या रूपात कोणी कधी पाहिलेच नाही, असे पान समोर उभे राहते. पुरावा म्हणून वापरायचे असेल तर पट्टीतली ‘अबाउट धिस कॅप्चर’ ही जागा उघडा, तिथे प्रत्येक भागाचा काळातला फरक दिलेला असतो. साठवलेल्या पानातल्या दुव्यावर टिचकी मारली की सर्वांत जवळच्या तारखेची प्रत उघडते, म्हणजे २००५ मधून निघून नकळत २००९ मध्ये पोचता येते. साठवलेल्या प्रतीच्या पत्त्यातला चौदा अंकी आकडा दर वेळी वाचा: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. ही वेळ जागतिक प्रमाणवेळ असते, स्थानिक नव्हे.

पान स्वतः जपायचे असेल तर ‘सेव्ह पेज नाऊ’ मध्ये पत्ता टाका. मोफत खाते उघडले की त्या पानातले बाहेरचे दुवे साठवण्याची आणि पडद्याचे छायाचित्र घेण्याची सोय मिळते. छायाचित्राची खूण जरूर करा, कारण जावास्क्रिप्टवर चालणारी पाने नंतर अनेकदा कोरी उघडतात. लॉगिनमागचा मजकूर साठत नाही. खाली सरकवल्यावर येणाऱ्या प्रतिक्रिया आणि व्हिडिओ बहुधा सुटतात. साठवून झाल्यावर आलेला दुवा उघडून मजकूर शेवटपर्यंत आहे ना, ते तपासाच. रोबो, म्हणजे पाने आपोआप उघडणारे प्रोग्राम, अडवणाऱ्या स्थळांवर पानाऐवजी ‘तुम्ही माणूस आहात का’ असे विचारणारी चौकटच साठते.

एकाच साठ्यावर सगळा भार टाकणे धोक्याचे आहे. ऑक्टोबर २०२४ च्या सायबर हल्ल्यात सेवा काही दिवस बंद पडली आणि सुमारे ३ कोटी १० लाख खात्यांची माहिती फुटली, म्हणून इथला पासवर्ड दुसरीकडे वापरू नका. स्थळाच्या मालकाने मागणी केली तर जुनी पानेही दिसेनाशी होऊ शकतात, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळाने या साठ्याला आपली बहुतेक पाने बंद करत असल्याचे जाहीर केले. महत्त्वाच्या पानाची एक प्रत ‘सिंगलफाइल’ या ब्राउझर विस्ताराने स्वतःच्या डिस्कवर ठेवा. तो चित्रांसकट सगळे पान एका एचटीएमएल फाइलीत बांधतो, आणि तुमच्या ब्राउझरमध्ये दिसते तेच घेत असल्याने लॉगिनमागचे पानही त्यात येते. फाइलीच्या नावात तारीख आणि स्थळाचे नाव घाला, मूळ पत्त्याची नोंद फाइलीच्या आत आपोआप राहते.