१९३२ ची फोर्ड हॉट रॉड: जुनीच ठेवायची की नवे पार्ट्स घालायचे?

जुनी हॉट रॉड 'जशीच्या तशी' जपावी असं म्हणतात, पण मुळात 'जशीच्या तशी' म्हणजे काय, इथेच घोडं अडतं. हॉट रॉड ही जन्मतःच, वेगासाठी फेरफार केलेली गाडी. फोर्डने १९३२ मध्ये ६५ अश्वशक्तीचं फ्लॅटहेड (सपाट माथ्याचं) व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन दिलं. कॅलिफोर्नियातल्या पोरांनी मडगार्ड काढली, इंजिनला हवा-पेट्रोलचं मिश्रण पुरवणारे स्ट्रॉमबर्ग ९७ कार्ब्युरेटर जोडले आणि कोरड्या तलावांवर शर्यती लावल्या. तेव्हा जपायचा तो कारखान्यातला साज नव्हे, त्या पोरांचा हात. १९९७ पासून कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या प्रतिष्ठित जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनातही हॉट रॉडना स्थान मिळालं, ते याच इतिहासामुळे.

पण रोज चालवायची म्हटलं की फ्लॅटहेड रडवतं. एक्झॉस्टचे (जळालेल्या गरम वायूंचे) मार्ग इंजिनच्या ब्लॉकमधूनच जातात, त्यामुळे ट्रॅफिकमध्ये पाणी उकळायला लागतं. शेवरलेचं ३५० (घन इंचांचं) व्ही-८ इंजिन, डिस्क ब्रेक, १२ व्होल्टचं वायरिंग घातलं की डोकेदुखी बरीच कमी.

ब्रेकच्या बाबतीत मी सनातनी नाही. खुद्द जुन्या रॉडरांनीच मूळचे यांत्रिक ब्रेक काढून १९३९ नंतरच्या फोर्डचे हायड्रॉलिक बसवले होते! मात्र शर्यतींचा पुरावा असलेल्या गाडीचं इंजिन बदलणं मला पटत नाही. नवा खेळ मांडायचा तर १९३२ च्या घडणीची नवी बनवलेली बॉडी बाजारात मिळतेच.