बाबांच्या ऑपरेशननंतर केलेली डेसिफर टेस्ट: आमचा अनुभव

कॅन्सरमुळे बाबांचं प्रोस्टेट काढलं तेव्हा वाटलं सुटलो एकदाचे, पण फायनल रिपोर्टमध्ये ग्लीसन (कॅन्सर किती आक्रमक आहे त्याची ग्रेड) ४+३ आणि मार्जिन पॉझिटिव्ह आलं, म्हणजे कापलेल्या कडेपर्यंत कॅन्सरच्या पेशी होत्या, आणि पीएसए, म्हणजे रक्तातलं प्रोस्टेटचं प्रोटीन, ज्यावरून आजार परत येतोय का ते बघतात, ते तर अगदी तळाला. मग लगेच रेडिएशन घ्यायचं का पीएसए वाढायला लागला की घ्यायचं? २०२० मध्ये तीन मोठ्या ट्रायल्सचे निकाल आले, त्यावरून बऱ्याच जणांना थांबलं तरी चालतं असं डॉक्टर म्हणाले, पण बाबांचं लघवीवरचं कंट्रोल नुकतं कुठे परत येत होतं आणि रेडिएशनने ते बिघडायची भीती, दुसरीकडे थांबलो आणि आजार पसरला तर काय, हे काही डोक्यातून जाईना. म्हणून ही डेसिफर टेस्ट केली, ट्यूमरवरून आजार दुसरीकडे पसरायचा धोका किती ते सांगणारी.

यात नव्याने काही कापावं लागत नाही, रक्तही लागत नाही. काढलेल्या प्रोस्टेटचा मेणात बसवलेला तुकडा असतो ना, ब्लॉक म्हणतात त्याला, त्यातल्या ट्यूमरमध्ये २२ जीन्स किती काम करतायत हे आरएनएवरून (जीन काम करताना पेशीत तयार होणारी त्याची नक्कल) बघतात आणि ० ते १ मधला एक स्कोअर देतात. ०.४५ च्या खाली लो, ०.६० च्या वर हाय, मधलं ते मधलं. प्रोलॅरिस म्हणून दुसरी टेस्ट आहे, ती पेशी किती वेगाने वाढतायत तेवढ्यावर जास्त भर देते.

वेळ गेला तो ब्लॉकपायी. सगळ्यात जास्त ग्रेडचा ट्यूमर ज्यात आहे तोच ब्लॉक पाठवायचा असतो आणि आमच्या हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजीतून दुसराच गेला, तीन आठवडे वाया, त्या काळात आई रात्ररात्र जागी असायची. तुम्ही ब्लॉक नंबर पॅथॉलॉजी रिपोर्टशी स्वतः ताडून बघा, लाजू नका.

स्कोअर आला ०.३८. आईने तो कागद हातात घेतला आणि रडायलाच लागली, तिला वाटलं ३८ टक्के कॅन्सर परत येणार. तसं नसतं हो! पाच वर्षांत आजार दुसरीकडे पसरायची शक्यता किती हे टक्क्यात वेगळं लिहिलेलं असतं आणि ते आकडे खूप कमी होते, स्कोअर फक्त पट्टीवरची जागा दाखवतो. आणि तेही पसरण्याबद्दल, पीएसए परत वाढेल का नाही ते वेगळं. हे सगळं डॉक्टरांनी आईला पेन्सिलने पट्टी काढून दाखवलं तेव्हा कुठे ती शांत झाली. रिपोर्ट नुसता मेलवर घेऊन घरी उघडू नका, प्लीज.

अजून एक, मला वाटलं होतं यातून माझाही धोका कळेल, तर नाही कळत. ही टेस्ट ट्यूमरची आहे, बीआरसीए२ वगैरे जीन्समधला घराण्यातून आलेला दोष बघायला रक्ताची किंवा लाळेची वेगळी टेस्ट लागते.

आम्ही थांबायचं ठरवलं. नुसत्या स्कोअरवर नाही, ग्लीसन, मार्जिन, बाबांची तब्येत, सगळं समोर ठेवून. स्कोअर कमी आला तरी दर तीन महिन्यांनी पीएसए करायचाच आहे, आणि ०.२ झाला, परत तपासून तेवढाच आला, तर रेडिएशनचं बोलायचं असं आधीच ठरलंय. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. बाबा आता रोज फिरायला जातात, पुढचा पीएसए पंधरा दिवसांनी आहे.