बसच्या अ‍ॅल्युमिनियम डिस्क निगडीत बफिंग करून घेतल्या, त्याचा अनुभव

आमची बस सेकंडहँड. आधीच्या मालकाने फुरसुंगीच्या एका प्लॉटवर चिंचेखाली दीड वर्ष उभी ठेवलेली, इंजिन बरं होतं पण डिस्क, म्हणजे चाकांचे रिम, बघवत नव्हते. साडेबावीस इंची अ‍ॅल्युमिनियमच्या, नव्या असताना आरसा असणार, आता पांढुरक्या पडलेल्या, नटांभोवती काळे ओघळ आणि वर पक्ष्यांची कृपा. अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही म्हणतात, लाल गंज येत नाही हे खरंय, पण पांढरी भुकटी धरते आणि ब्रेकची धूळ ओलीच बसून राहिली की बारीक खड्डे पडतात.

त्यात आमचा शहाणपणा. एका वॉशिंग सेंटरवर पोरगा म्हणाला अ‍ॅसिड मारतो, दोन मिनिटांत चकाचक, आम्ही म्हटलं मार. वाळल्यावर डिस्क चुना फासलेल्या भिंतीसारखी दिसायला लागली. कडक अ‍ॅसिड असो की कॉस्टिक सोडा, दोन्ही अ‍ॅल्युमिनियम खातात हे नंतर कळलं, म्हणजे पैसे देऊन कळलं.

मग ड्रायव्हरने निगडीला ट्रान्सपोर्ट नगरीच्या मागे एका शेडमधल्या बफिंगवाल्या, म्हणजे मशीनने घासून धातू चमकवणाऱ्या, काकांकडे नेलं. बोर्ड नाही, टपरीवाल्याला विचारावं लागतं. काकांनी रेट सांगायच्या आधी पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेतलं, डिस्कच्या कोपऱ्यात घासलं आणि फडकं दाखवलं, काळंकुट्ट. "काळं आलं म्हणजे कोरं अ‍ॅल्युमिनियम आहे दादा. नसतं आलं तर वर लॅकर आहे, पारदर्शक थर, ते आधी काढावं लागतं, नाहीतर नुसतं लॅकरच घासत बसायचं." इथेच माझा विश्वास बसला.

एका डिस्कचे १८०० म्हणाले. मी सहा डिस्कचा हिशोब करत होतो तर स्वतःच म्हणाले, मागच्या जोडचाकातल्या आतल्या दोन कोणाला दिसतात, त्या साबणाने धुवा, चारच करा. गिऱ्हाइकाचा खर्च कमी करणारा माणूस पुण्यात भेटला हे मुद्दाम लिहून ठेवतोय.

कामाची पद्धत मी स्टूल टाकून बघितली. आधी साबण, मग डांबराला रॉकेल, मग पाणी सोडत वॉटर पेपर (ओला घासायचा पॉलिश पेपर, नंबर मोठा तसा बारीक), ३२० पासून, मग ४००, ६००, ८००, १२००. प्रत्येक पेपरने आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण मोडायचे, एक टप्पा गाळला की शेवटी उन्हात तेच ओरखडे दिसतात. मग मशीनला काथ्याचं व्हील आणि पॉलिशची तपकिरी साबणवडी, मग कापडी बफ आणि हिरवा लस्टर, म्हणजे चमक आणायचा मसाला. मशीन एका जागी दाबून धरायचं नाही, धातू तापून डाग पडतो. आणि सगळ्यात भारी म्हणजे शेवटी घरातला मैदा! मूठभर मैदा भुरभुरला, मऊ फडक्याने पुसला, लस्टरचा काळा चिकटा सगळा मैद्याने ओढून घेतला आणि खालून माझंच तोंड दिसलं.

पुढच्या डाव्या डिस्कला मात्र ६०० च्या पेपरवर काका थांबले. खिडकीसारखं भोक असतं ना डिस्कला, त्याच्या कडेपासून केसाएवढी रेघ निघालेली, भुकटीखाली झाकलेली. खडूने खूण केली, म्हणाले ही मी चमकवून देणार नाही. मी विचारलं वेल्डिंग? तर असे बघायला लागले की मी विषय सोडला. तडा गेलेली डिस्क वेल्ड करून रस्त्यावर आणायची नसते, भंगारातच. नशिबाने स्टेपनी अ‍ॅल्युमिनियमचीच होती, ती घासली. तडेवालीच्या मजुरीचा एक रुपया घेतला नाही.

आता तक्रारी. तीन दिवस सांगून सहा लावले, त्यात एक गुरुवार, म्हणजे इकडे मेन्टेनन्ससाठी लाइट गायब, तो तर धरलाच नव्हता कोणी. बिल कागदाच्या चिटोऱ्यावर. टायरच्या कडेला लस्टरचे शिंतोडे तसेच. आणि खरी चूक म्हणजे डिस्क हबला (चाक ज्यावर बसवतात त्या भागाला) टेकते त्या मागच्या बाजूला लस्टर राहिलेला, पोरगा तशीच चढवून गनने नट आवळायला निघाला. ती बाजू कोरडी आणि स्वच्छच पाहिजे, नाहीतर नट सैल होतात, ड्रायव्हर ओरडला म्हणून उतरवून पुसली. शंभरेक किलोमीटरवर नट परत टॉर्क रेंचने (आवळायचा जोर मोजणाऱ्या पान्याने) तपासा हेही आम्हीच लक्षात ठेवलं, तिकडून कोणी सांगितलं नाही. इतकं बारीक काम करणाऱ्या माणसाच्या शेडमध्ये हे व्हायला नको होतं.

आता दोन महिने झाले, अष्टविनायकाच्या चार ट्रिपा झाल्या. चमक आपोआप टिकत नाही, वर कोटिंग नसल्यामुळे पावसात आठवड्यात मंद होते. दर ट्रिपनंतर साध्या शांपूने धुतो, चाक गार झाल्यावरच, आणि महिन्यातून एकदा हाताने मेटल पॉलिश. रांजणगावला एका मावशींनी चाकात वाकून बघून टिकली सरळ केली, ड्रायव्हर अजून सगळ्यांना सांगतो.

दिवाळीनंतर दुसऱ्या बसच्या चार टाकणार आहे तिथेच. चढवताना स्वतः उभा राहणार, आणि गाडी शुक्रवारी नेणार.