गच्चीवरील बायोगॅस संयंत्र : एका वर्षाच्या वापरानंतर

नाशिकच्या गंगापूर रोडवरील आमच्या घराच्या गच्चीवर एक घनमीटर क्षमतेचे बायोगॅस संयंत्र बसवून वर्ष झाले. तिन्ही ऋतूंत ते वापरून पाहिल्यानंतरच हे परीक्षण लिहीत आहे.

सुरुवातीला टाकीत ताजे शेण पाण्यात कालवून भरावे लागते, कारण मिथेन हा जळणारा वायू तयार करणारे जीवाणू त्यातूनच येतात. आमच्याकडे पेटण्याजोगा गॅस मिळायला जवळजवळ तीन आठवडे लागले. आता घरचे आणि शेजारच्या दोन घरांचे मिळून रोज सुमारे 3 किलो खरकटे, शिळा भात, पोळ्यांचे तुकडे व भाज्यांची देठे बारीक करून, तितक्याच पाण्यासह टाकीत जातात. त्यावर साधारण पाऊण ते एक तास निळी, काजळी न धरणारी ज्योत मिळते आणि पूर्वी 35 दिवस पुरणारा 14.2 किलोचा सिलिंडर आता 50 दिवसांच्या आसपास चालतो. गॅसचा दाब कमी असल्याने मोठ्या छिद्राचा वेगळा बर्नर लागतो. तो संयंत्रासोबत मिळाला.

शेणापेक्षा शिळा भात जास्त गॅस देतो, हे अनेकांना खरे वाटत नाही. जनावराच्या पोटात पचून गेलेल्या चाऱ्यात ऊर्जा कमी उरते, तर पिष्टमय अन्नात ती जवळजवळ पूर्ण शिल्लक असते. पुण्याच्या 'आरती' या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी याच विचारावर छोटे घरगुती संयंत्र विकसित केले आणि संस्थेला 2006 मध्ये त्यासाठी शाश्वत ऊर्जेच्या कामाला दिला जाणारा ॲशडेन पुरस्कार मिळाला. आपल्याकडे विल्होळीजवळ महापालिकेने जर्मन सहकार्याने उभारलेला, ओला कचरा आणि मैला एकत्र कुजवून वीज निर्माण करण्याचा प्रकल्प हे याच प्रक्रियेचे मोठे रूप आहे.

माझी मुख्य तक्रार हिवाळ्याविषयी आहे. नाशिकची थंडी विक्रेत्याला ठाऊक असूनही त्याने त्याबद्दल एक शब्द सांगितला नाही, आणि जानेवारीत गॅस निम्म्याहून कमी झाला, कारण पारा उतरला की हे जीवाणू मंदावतात. कोमट पाण्यात कालवलेला कचरा घालून आणि टाकीभोवती गोणपाट गुंडाळून थोडा फरक पडला. जागा ठरवताना कठड्याची सावली पडणार नाही, दिवसभर ऊन राहील, अशीच निवडावी, कारण भरलेली टाकी नंतर हलवता येत नाही. दुसरी चूक मात्र आमचीच होती: घरातील एका कार्यानंतर उरलेले सारे अन्न एकाच दिवशी टाकल्याने मिश्रण आंबट झाले, ज्योत विझली आणि आठ दिवस केवळ शेणकाला घालून वाट पाहावी लागली. लिंबू-संत्र्याच्या साली, अंड्यांची टरफले व हाडे आम्ही टाकत नाही.

केवळ गॅसच्या बचतीचा हिशेब केला, तर खर्च भरून यायला बरीच वर्षे लागतील. माझ्या मते या संयंत्राचे खरे मोल बाहेर पडणाऱ्या स्लरीत, म्हणजे कुजून उरलेल्या पातळ काल्यात आहे, कारण कचऱ्यातील नत्र, स्फुरद व पालाश गॅससोबत न जाता तिच्यातच राहतात. दहापट पाण्यात मिसळून ती घातल्यापासून कुंड्यांतील गुलाब आणि मेथी यांना आम्ही दुसरे कोणतेही खत दिलेले नाही. शेजारच्या दोन्ही घरांतून सकाळी कचऱ्याची बादली वर येते आणि परत जाताना त्यांच्या तुळशीसाठी व मोगऱ्यासाठी स्लरी घेऊन जाते.