गोळी तीच, डॉक्टर दुसरे: आठ-नऊ महिन्यांनंतरचा अनुभव (नागपूर)

आधीच सांगते, सायकॅट्रिस्ट (मानसोपचाराचे डॉक्टर) दोन पाहिले, पण कोणाचंच नाव लिहिणार नाहीये, मागू पण नका.

त्रास म्हणजे छातीत धडधड, पहाटे तीन-साडेतीनला टक्क जाग, ऑफिसला निघायच्या वेळी हमखास पोट बिघडणार. ईसीजी नॉर्मल आला तेव्हा फॅमिली डॉक्टरच म्हणाले की सायकॅट्रिस्टला दाखवा. आई सोबत आली. पहिल्या डॉक्टरांकडे केबिनचं दार सताड उघडं, पुढचा पेशंट अर्धा आत, मी बोलायला लागले तर सर फोनवर, आणि फोन ठेवल्यावर प्रश्न विचारले ते आईला. "हिच्या लग्नाचं पाहताय का?" मी चौतीसची आहे बाप्पा! पाच मिनिटात चिठ्ठी हातात. गोळ्या कशाच्या, किती दिवस घ्यायच्या विचारलं तर म्हणे "गूगल करत बसू नका, घ्या चुपचाप". 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात पेशंटची माहिती गुप्त ठेवायचं बंधन आहे म्हणतात, तिथे तर अर्ध्या वेटिंग रूमला माझी झोप कळली.

सकाळी एस्सिटालोप्राम (चिंता-नैराश्यावरची गोळी), रात्री क्लोनाझेपाम (शांत करणारी, झोपेची). पहिल्याच आठवड्यात मळमळ आणि बेचैनी उलट वाढली, क्लिनिकला फोन केला तर "पुढच्या तारखेला या". शेवटी टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, 14416 वर फोन लावला (फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात), त्या ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, जुनी चिठ्ठी सोबत न्या म्हणाल्या.

मग मैत्रिणीच्या वहिनीने धंतोलीतल्या एका मॅडमचं सांगितलं. दार लावलं, पेन खाली ठेवलं आणि आईला म्हणाल्या, "काकू, तुमच्याशी पण बोलते, पण आधी यांच्याशी एकटीशी, चालेल ना?" झोप, पाळी, घरात कोणाला थायरॉइड, दुसरी कोणती औषधं सगळं विचारलं, आणि मग सरळच, "कधी जीव नकोसा वाटतो का?" हो म्हटलं तर दचकल्या नाहीत, कधी वाटतं, काही करायचं ठरवलं होतं का, शांतपणे विचारत गेल्या. मला तिथेच रडू आलं.

आणि गंमत म्हणजे गोळी तीच! फक्त सुरुवातीला अर्धी. पण या वेळी सांगितलं की मळमळ आठवडा-दोन आठवडे राहते मग कमी होते, खरा फरक पडायला दोन ते चार आठवडे आणि कधी त्याहून जास्त लागतात, क्लोनाझेपामची सवय लागते म्हणून ती थोडेच दिवस, आणि एस्सिटालोप्राम मात्र बरं वाटलं तरी मनाने बंद करायची नाही, त्यानंतरही किमान सहा महिने चालू ठेवायची. टीएसएच (थायरॉइडची) आणि व्हिटॅमिन बी 12 ची तपासणी पण करून घेतली. एवढं माहीत असल्यावर तीच मळमळ मुकाट सहन झाली.

आधी झोप सुधारली, धडधड खूप नंतर. घाम जास्त येतो, पण नागपूरच्या मे महिन्यात तो गोळीचा की उन्हाचा कोण सांगणार. वजन थोडं वाढलं. शरीरसंबंधांची इच्छा कमी होणं हा पण एक साइड इफेक्ट आहे जो आईसमोर काढता येत नाही, तो मॅडमनी स्वतःहून विचारला.

वाईट म्हणाल तर अपॉइंटमेंट असून तास-दीड तास बसावं लागतं, फोन फक्त दुपारी उचलतात, पार्किंगचं तर नावच काढू नका, मी मेट्रोने काँग्रेस नगरला उतरून चालत जाते. काउन्सेलिंगसाठी सायकॉलॉजिस्ट वेगळ्या, त्यांची फी वेगळी, आणि त्या गोळ्या लिहून देत नाहीत. फी झेपत नसेल तर मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) मानसोपचाराची ओपीडी आहे, प्रादेशिक मनोरुग्णालयात पण आहे, पण त्याचं नाव काढलं की आपल्याकडे घरचेच घाबरतात.

आता डोस कमी करायचं बोलणं चालू आहे. मॅडम म्हणतात आधी मार्च एंडिंग होऊ द्या, आणि माझी बँकेतली नोकरी बघता बरोबरच आहे ते.