सोकिया बी-४०ए ऑटो लेव्हल: चार पावसाळे वापरल्यानंतर

सांगलीत प्लिंथची (घराच्या जोत्याची) उंची ठरवताना पोटात गोळा येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. तेव्हापासून घर बांधणारा प्रत्येक जण आधी हेच विचारतो, "मॅडम, पुराच्या पाण्यापेक्षा आपण किती वर?" सांगितलेला आकडा खरा असायलाच हवा.

उंचीतला फरक मोजायचं दुर्बिणीचं मशीन म्हणजे लेव्हल. आधी मी भाड्याच्या लेव्हलवर काम करायचे. एका रो-हाउसच्या साइटवर दोन ब्लॉकच्या प्लिंथ वेगवेगळ्या दिवशी काढल्या आणि जोडावर ओट्याला ३८ मिलिमीटरचा फरक निघाला. बबल मधोमध होता, रीडिंग दोनदा घेतलं होतं. पण टीबीएम (उंची माहीत असलेली साइटवरची तात्पुरती खूण) ५५ मीटरवर, प्लिंथ १० मीटरवर आणि मशीनची दृष्टिरेषाच तिरकी. मशीन दोन्हींच्या मधोमध लावलं असतं तर चूक आपोआप कटली असती. फोडाफोडी चालू असताना मालक शेजारी उभे होते. एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

त्यानंतर स्वतःचं मशीन घेतलं. बी-४०ए ची दुर्बीण २४ पट, आणि जाऊन-येऊन १ किलोमीटरच्या लेव्हलिंगमध्ये अचूकता २ मिलिमीटर. घरं, गटारं, आतले रस्ते यांना एवढं भरपूर झालं.

खरी परीक्षा टू-पेग टेस्टची, म्हणजे दृष्टिरेषा तिरकी झाली नाही ना हे दोन खुंट्यांवर तपासण्याची. दर महिन्याला आणि टेम्पोतून लांबचा प्रवास झाला की मी ती करतेच. ६० मीटरवर दोन खुंट्या, मशीन बरोबर मधे. परवाच्या टेस्टला स्टाफचं (आकडे असलेल्या उभ्या मोजपट्टीचं) रीडिंग पहिल्या खुंटीवर १.४२५ मीटर, दुसऱ्या खुंटीवर १.३१०, म्हणजे फरक ११५ मिलिमीटर. मग मशीन पहिल्या खुंटीजवळ नेलं: १.४८२ आणि १.३६८. फरक ११४. चार पावसाळ्यांनंतर ६० मीटरला १ मिलिमीटर, आणि तोही माझ्या अंदाजाचा असू शकतो, कारण स्टाफवरचे भाग ५ मिलिमीटरचे आहेत.

कॉम्पेन्सेटर, म्हणजे दृष्टिरेषा आपोआप आडवी ठेवणारा मशीनमधला भाग, चालतोय का, हे रोज सकाळी बघते. स्टाफवर नजर ठेवून ट्रायपॉडच्या पायाला बोटाने टिचकी मारायची. दुर्बिणीतली आडवी तार थरथरते आणि क्षणात त्याच आकड्यावर येऊन थांबते. तशी थांबली नाही, तर त्या दिवशी त्या मशीनवर एकही लेव्हल काढू नका, मशीन कुठल्याही कंपनीचं असो.

मर्यादा आहेत. ६० मीटरच्या पुढे २४ पटीत मिलिमीटर वाचणं म्हणजे अंदाजपंचे. कालव्याचं किंवा लांब पाइपलाइनचं काम असेल तर त्याच मालिकेतली ३२ पटीची बी-२० बघा. एप्रिलच्या दुपारी मात्र कुठलीच दुर्बीण कामाची नाही. जमिनीलगतची हवा उकळल्यासारखी हलते आणि स्टाफचा खालचा अर्धा मीटर नाचायला लागतो. आम्ही उन्हाळ्यात साडेदहाच्या आत लेव्हल उरकतो.

मशीनवर पैसे घालून स्टाफ स्वस्तातला घेऊ नका, ही कळकळीची विनंती. माझ्या पहिल्या स्टाफचा सांध्याचा खटका झिजला होता. वरचा भाग पुरता वर चढत नव्हता आणि त्या भागावरचं प्रत्येक रीडिंग ४ मिलिमीटर जास्त यायचं. चूक सापडायला आठवडा गेला. आता सांधा उघडला की टेप लावून बघतोच. स्टाफ धरणाऱ्या मामांना सांगून ठेवलंय, "मामा, हळूच माझ्याकडे झुकवा, मग तिकडे." त्यात दिसलेलं सगळ्यात कमी रीडिंग मी वहीत लिहिते, कारण स्टाफ त्याच क्षणी सरळ उभा असतो.